देर्लिसचे अवजड फोटो

निमियाने लॅपटॉप धाडकन मिटला आणि तेरेरेचा, म्हणजे थंड पाल्याच्या चहाचा, पेला उचलला, तर त्यातलं बर्फाचं पाणीही संपलेलं.

"झालं! आता पाठवलेलं घ्यायलाच तयार नाही. जागा संपली म्हणतात!"

ओसरीत फ्रेमवर ताणलेल्या कापडावर सुई चालवत बसलेल्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. कुणाची जागा संपली, कोण म्हणतं, त्यांना काय त्याचं? पराग्वेतल्या इताउग्वात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, ऊन असं की डांबर मऊ होतं, आणि त्या उन्हात जाळीचं वर्तुळ पुरं करायचं म्हणजे मान वर करायला फुरसत कुठली. फक्त सिरिला मावशी, जिच्या हातात आता सुई नसते, ती चीजच्या पावांची टोपली सरकवत म्हणाली, "चिपा खा आधी. रिकाम्या पोटी भांडू नये."

भांडण होतं देर्लिसशी. देर्लिस म्हणजे सिरिला मावशीचा मुलगा, निमियाचा मावसभाऊ, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसांचे फोटो काढून पोट भरणारा. आणि भांडणाचं कारण होती विणकर बायकांची वेबसाइट. ती निमियाने स्वतःहून अंगावर घेतलेली. असुन्सिऑनच्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांची कामं उपसायची, आणि सुट्टीला बस पकडून इथे येऊन या लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या! कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मावशीचे डोळे गेले तेव्हा काहीतरी केलं पाहिजे असं वाटलं, एवढंच.

वेबसाइट अगदी साधी. तयार पानं करायची, एका फुकटच्या जागेवर नेऊन मांडायची, की झालं. मागे ना यंत्र, ना नोकर. प्रत्येक नक्षीला एक पान: पेरूचं फूल, कोळी, तांदूळ, नारळाचं फूल. वर नाव, खाली फोटो, खाली विणणारीचं नाव आणि फोन नंबर. इतक्या साध्या गोष्टीला विघ्नं किती यावीत! नकटीच्या लग्नालाही इतकी येत नसतील.

पहिलं विघ्न हायवेवरच्या दुकानात आलं. देर्लिसची आत्या ओब्दुलिया तिथे जाळ्या टांगून बसते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, अजून नक्ष्या आहेत का. ओब्दुलियाने ऐटीत फोन काढला, वेबसाइट उघडली. चक्र फिरत राहिलं. गिऱ्हाइकाने उभ्याउभ्या चिपा संपवला, हात झटकले, तरी चक्र फिरतंय. मग तो बसमध्ये बसून निघून गेला, आणि ओब्दुलियाच्या फोनवर निरोप आला की तिचा डेटा संपला.

"ही तुझी वेबसाइट आहे की बकासूर?" ती निमियाला म्हणाली. "नक्षी तर दाखवली नाहीच, वर माझं नेट खाऊन गेली!"

बकासूर कुठे बसलाय ते निमियाला ठाऊक होतं. देर्लिसचे फोटो. त्याने काढलेला एकेक फोटो सिमेंटच्या पोत्यासारखा जड. फोनवर हाताच्या तळव्याएवढा दिसणार, पण आत साठवलेलं सगळं भिंतभर. निमियाने बसून सगळ्यांच्या हलक्या प्रती केल्या, पानांना लावल्या. दुसऱ्या रविवारी बघते तर पुन्हा जडच. देर्लिसने मूळ फोटो परत जागच्या जागी आणून ठेवले होते.

"तुझ्या फोटोत धागे दिसत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. हा माणूस कधीच चिडत नाही, हेच निमियाला सर्वांत जास्त चिडवतं.

"अरे, धागे कोण मोजणार आहे? विकत घेणाऱ्याला जाळी दिसली की बास!"

"आईला लागणार आहेत. शनिवारी वर्ग आहे ना."

वर्गाचं सगळ्यांनाच माहीत होतं. सिरिला मावशीने दोन वर्षं खपून एक मोठं कापड विणलं होतं, टेबलभर पसरणारं, प्रत्येक वर्तुळ वेगळं. त्यातली तीन वर्तुळं गावात दुसरं कुणी करत नाही: वारूळ, बैलाचं पाऊल आणि मक्याचं कणीस. तिच्या आईने तिला दाखवलेली. तिने कुणाला का शिकवली नाहीत? अहो, मागितली कुणी! सगळ्यांना पेरूचं फूल हवं, खपतं तेच. मग डोळ्यांचं ऑपरेशन आलं आणि ते कापड विकावं लागलं. जत्रेत एका परदेशी बाईने रोख पैसे मोजले, घडी घातली आणि गेली. नाव नाही, पत्ता नाही. ते जाण्याआधी देर्लिसने आख्खा दिवस अंगणात उन्हात उभं राहून एकेका वर्तुळाचा फोटो काढला होता, सुई कुठून शिरली नि कुठून निघाली ते दिसेल इतक्या जवळून. ऑपरेशननंतर मावशीला माणूस दिसतो, कोंबडी दिसते, धागा दिसत नाही. तोंडीही सांगता येत नाही तिला. "मी कधी मोजले का? डोळे बघायचे, हात करायचे. मधे मी नव्हतेच," ती म्हणते. म्हणून शनिवारी टीव्हीवर ते फोटो मोठे करून लावायचे, सहा बायकांनी फ्रेमा घेऊन समोर बसायचं आणि बघून विणायचं. ही तीन वर्तुळं वाचायची तर एवढाच रस्ता उरला होता.

"मग टीव्हीवर लाव ना तुझे मोठे फोटो! वेबसाइटवर कशाला लादतोस?" निमिया म्हणाली, आणि पुन्हा हलक्या प्रती लावल्या.

आता एवढ्यावर भागायला हवं होतं. पण भागेल ते कसलं! वेबसाइटच्या सगळ्या फायली एका रेपोत असतात. रेपो म्हणजे सामायिक कोठार, पण मुलखाचं हट्टी. त्यात टाकलेली वस्तू तुम्ही काढली तरी ती जात नाही. काढल्याची नोंद होते आणि वस्तू मागच्या खोलीत पडून राहते, इतिहास म्हणून. हे निमियानेच देर्लिसला पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं: "बिनधास्त काम कर, इथलं काही हरवत नाही." झालं काय, तर देर्लिसने जड फोटो टाकले, निमियाने काढले, त्याने पुन्हा थोडे उजळ करून टाकले, तिने पुन्हा काढले, आणि दर वेळी आख्खा ढीग मागच्या खोलीत साठत गेला. वरून बघावं तर चार सुटसुटीत पानं. आत धान्याचं गोदाम. शेवटी फुकटच्या जागेने हात वर केले, आणि शनिवारच्या वर्गाचं पान चढवायचं राहून गेलं.

म्हणून मंगळवारी, खास रजा काढून आलेली असताना, तिने तो लॅपटॉप मिटला होता. चिपा खाल्ल्यावर पुन्हा उघडला. आता इतिहासच साफ करायचा. तशी सोय असते; जपून वापरा म्हणून सगळे बजावतात. तिने जडातला जड शोधून मागच्या खोलीतून काढला, मग केर झाडावा तसं झाडून घेतलं, म्हणजे तिच्या लॅपटॉपवरही काही उरू नये, आणि स्वच्छ कोठार वर चढवलं. हायवेवरून ओब्दुलियाचा फोन आला, "अगं, उघडली! मी पापणी लवायच्या आत उघडली!"

निमियाला इतकं बरं वाटलं की तिने दुसरा चिपा खाल्ला. सगळ्यांना तिने निरोप धाडला: जुनी प्रत फेकून द्या, नवी घ्या, जुन्यातून काहीही पाठवू नका. सगळे म्हणजे कोण? देर्लिसच. दुसरं आहे कोण!

आणि देर्लिसने निरोप वाचला नाही. एका पानावर फोन नंबर चुकला होता, तो त्याने आपल्या जुन्या प्रतीत दुरुस्त केला. ती वर जाईना, तर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला होकार देत सुटला, आणि आपली सगळी जुनी प्रत वर ढकलून दिली. इतिहासासकट. ये रे माझ्या मागल्या! एका आकड्यासाठी आख्खं गोदाम परत आत. वेबसाइट पुन्हा बंद.

निमियाने ते ऑफिसात बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग रजा टाकून बसमध्ये बसली. वाटेत तिने मनात देर्लिसला इतक्या शिव्या दिल्या की उतरताना तोंड सुकलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! सांगून कळत नाही, लिहून कळत नाही, या माणसाच्या डोक्यात शिरतं तरी काय?

देर्लिस बॅटऱ्या चार्ज करत होता. संध्याकाळी शेजारच्या गावात कुणा मुलीचा पंधरावा होता.

"अरे, निमे! आज कशी काय? बस, तेरेरे करतो."

"तेरेरे नको. लॅपटॉप उघड. माझ्यासमोर."

त्याने उघडला.

"ते फोल्डर दिसतंय? वेबसाइटचं, जुनं?"

"हो."

"उडव."

"पण निमे, ते मोठे फोटो..."

"मोठ्याचं नाव काढलंस तर लॅपटॉप विहिरीत टाकीन! मोठे, मोठे, मोठे! दोनदा साफ करतेय मी तुझी घाण, कळतंय का? ओब्दुलिया आत्याचं नेट जातं, माझी रजा जाते, आणि तू आपला मोठे फोटो! एक शब्द बोलू नकोस. उडव."

देर्लिसने तिच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले आणि फोल्डर उडवलं.

"कचरापेटीही रिकामी कर. उद्या पुन्हा तिथून उकरशील."

तीही त्याने रिकामी केली. निमियाने कोठार दुसऱ्यांदा झाडलं, नवी स्वच्छ प्रत त्याच्या लॅपटॉपवर उतरवून दिली, आणि तेरेरे न घेता परत गेली. संध्याकाळी देर्लिसने पंधराव्याचे दीड-दोन हजार फोटो काढले आणि त्याच लॅपटॉपवर ओतले. बऱ्याच दिवसांनी जागा मोकळी झाली म्हणून त्यालाही बरंच वाटलं.

शुक्रवारी टीव्ही जोडून बघायचं ठरलं होतं. सिरिला मावशीने खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ ओढली की नाक काचेला लागेल. निमिया आली होती, ओब्दुलिया दुकान लवकर बंद करून आली होती. देर्लिसने वारूळ लावलं.

"मोठं कर," मावशी म्हणाली.

त्याने मोठं केलं. धागे विरघळले. आणखी मोठं केलं, तर नुसते पांढरे-करडे चौकोन.

"हे काय दिसतंय, फरशी?" ओब्दुलिया म्हणाली.

"अरे, हा वेबसाइटवरचा हलका आहे," निमिया म्हणाली. "तुझा मूळचा लाव ना."

"मूळचा म्हणजे?"

"मूळचा म्हणजे मूळचा! कॅमेऱ्यातला. कार्डावरचा."

"कार्ड तर मी त्याच आठवड्यात पुसलं. लग्न होतं ना दुसऱ्या दिवशी. आधी सगळे रेपोत टाकले, मग पुसलं." तो अगदी सहज बोलत होता. "तूच म्हणाली होतीस, तिथलं काही हरवत नाही. मी तर परवाही विचारणार होतो. पण तू बोलू नको म्हणालीस, मग मला वाटलं तू ठेवले असशील कुठेतरी. तुला त्यातलं जास्त कळतं."

निमियाने देर्लिसचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. फोटो काढणारा माणूस मूळ फोटो जपून ठेवतो, हे तिला विचारावंसंही वाटलं नव्हतं. कोण नाही ठेवत? देर्लिस नाही ठेवत. त्याने ठेवले होते, तिने सांगितलेल्या जागी ठेवले होते, आणि तिथून ते तिने दोनदा खरवडून काढले होते. पहिल्यांदा नशिबाने वाचले, कारण या गाढवाने निरोप वाचला नव्हता. दुसऱ्यांदा ती स्वतः बस पकडून आली होती.

"काय झालं?" मावशी म्हणाली. "गप्प का सगळे?"

"थांब मावशी. बघते."

ती रात्रभर बघत राहिली. स्वतःच्या लॅपटॉपवर काही नव्हतं, झाडून घेतलं होतं ना! फुकटच्या जागेवर काही नव्हतं. ऑफिसातल्या एकीकडून तिने पुसलेल्या फायली उकरून काढायचं साधन मागवलं आणि देर्लिसच्या लॅपटॉपवर लावलं. पंधराव्याच्या फोटोंनी जवळजवळ सगळी जागा व्यापली होती. फुगे, केक, गुलाबी झगे, आणि मधूनच एखादा जाळीचा तुकडा. वारूळ सापडलं, आख्खं. निमियाला रडूच फुटलं. बैलाचं पाऊल सापडलं नाही. कणीस सापडलं, पण वरची एक पट्टी तेवढी. वर्तुळाची कड लख्ख, एकेक धागा मोजता येईल अशी, आणि त्याखाली नुसता करडा रंग.

उजाडताच ती मावशीकडे गेली. मावशी मांडवाखाली हाताने चाचपत कसाव्याचं पीठ पाण्यात कालवत होती. विणून झालेल्या जाळ्यांना खळ द्यायची होती. निमियाने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

मावशीचा हात थांबला नाही. "म्हणजे तू केर काढलास, आणि त्यात सुई गेली."

"हो."

"देर्लिसला विचारलं नाहीस?"

"नाही. रागात होते."

"राग मलाही येतो गं. तेव्हा मी भांडी घासते. कात्री नाही हातात घेत."

निमियाला वाटलं, हिने ओरडावं, दोन थोबाडीत द्याव्यात. पण मावशीने पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "गुठळ्या राहिल्यात का बघ. मला दिसत नाहीत."

शनिवारी वर्ग भरला. वारूळ टीव्हीवर इतकं मोठं लागलं की सहा जणी त्याच्यासमोर मुंग्यांसारख्या दिसत होत्या. बघितलं, मोजलं, चुकलं, उसवलं, पुन्हा केलं, आणि जेवायच्या आत पहिलं वारूळ कापडावर उभं राहिलं. मावशीने त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. बरोबर होतं. बैलाच्या पावलाचं कुणी नाव काढलं नाही.

मग कणसाची पट्टी लागली. बायका पडद्याकडे बघत राहिल्या.

"कड तर दिसतेय," एकजण म्हणाली. "मधलं?"

"मधलं नाही," निमिया म्हणाली.

"मग मधे पेरूचं फूल घालू या," ओब्दुलिया म्हणाली. ती व्यवहारी बाई. "कडेला कणीस, मधे फूल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मावशी म्हणाली.

"वहिनी, अगं, तुला दिसत तरी आहे का?"

"दिसत नाही म्हणून माझ्यासमोर खोटं विणणार? आडवे-उभे धागे ताणून घ्या. कड विणा. मधलं रिकामं सोडा."

"रिकामं? असं कुठे असतं का?"

"आता असतं."

मावशीपुढे कुणाची टाप! त्यांनी तसंच केलं. धागे ताणले, मधे ते नुसते एकमेकांना ओलांडून गेले, आणि सुई थेट कडेला नेऊन तिथे कणसाचे दाणे भरले. खळ दिली, फ्रेम उन्हात ठेवली, वाळल्यावर कापडातून कापून काढलं. ओब्दुलियाने ते उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "वाईट नाही दिसत हं. वेगळंच काहीतरी." मावशीने ते हातात घेतलं. तिचं बोट कडेवरून आत गेलं आणि मधल्या धाग्यांतून आरपार गेलं.

"याला म्हणायचं काय पण?" एकीने विचारलं. "कणीस तर नाही हे."

मावशीने बोट बाहेर काढलं. "निमिया," ती म्हणाली.

निमियाला वाटलं, आपल्याला हाक मारली. "काय मावशी?"

"तुला नाही. याला. याचं नाव निमिया."

ओब्दुलियाला हसू फुटलं, आणि एक हसली की सगळ्या हसतात. मावशीही हसली. निमियाही हसली, कारण न हसून करते काय. कान मात्र तापले होते. देर्लिस हसला नाही. तो टीव्हीची वायर गुंडाळत बसला.

नाव चिकटलं. महिनाभरात हायवेवर ते ओब्दुलिया असं घ्यायची जसं काही आजीच्या आजीपासून चालत आलंय: "हे पेरूचं फूल, हा कोळी, ही निमिया. निमिया घ्या, हलकी असते, धागा कमी लागतो." आणि गिऱ्हाइकं खरंच घ्यायची. एकाने चार निमिया मागवल्या, पडद्याला लावायला. मग ओब्दुलियाचा फोन आला की वेबसाइटवर तिचं पान का नाही? लोक विचारतात.

पान निमियालाच करावं लागलं, दुसरं करणार कोण? देर्लिसने फोटो धाडला. या वेळी तिने आधी विचारलं की मूळ कुठे ठेवलाय, आणि त्याने तीन ठिकाणं सांगितली. तिने हलकी प्रत केली, पानाला लावली. खाली विणणारीचं नाव आणि नंबर लिहिला. वर नक्षीचं नाव लिहायची जागा होती, तिथे तिची बोटं अडली. तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, एक विचारू? त्या वर्तुळाचं नाव बदलू या का? दुसरं काहीही ठेव. तू म्हणशील ते."

"का गं?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं विचारत होती. "ते मधलं रिकामं दुसऱ्या कुणी केलंय का?"